किचनच्या लाकडी शटरना क्लिअर कोट मारायचाय? मग आधी कडा बघा

आमच्या सिंकखालच्या शटरची खालची कड काळी पडली होती. वरून बघितलं तर शटर अजून देखणं, सागवानी वेनियर (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर), रंग छान पिकलेला, पण खालून हात फिरवला की खरखर लागायची आणि दोन ठिकाणी वेनियर नखाएवढं सुटून वर आलेलं. सुताराला दाखवलं तर तो म्हणाला ताई सगळी काढून टाका, सनमायका लावून नवीन देतो. मला ते पटेना, १४ वर्षांचं चांगलं लाकूड का फेकायचं, म्हणून मी पॉलिश पेपर आणि क्लिअर पीयूचा (पॉलीयुरेथेन, लाकडाला मारायचं पारदर्शक पॉलिश) डबा आणला, सगळ्या शटरना पुढून दोन हात मारले, किचन एकदम नवं दिसायला लागलं, आणि दुसरा पावसाळा संपेपर्यंत तीच कड परत काळी. कारण मी फक्त दिसणारी बाजू केली होती, आणि पाणी दिसणाऱ्या बाजूने शिरतच नाही.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा क्रम उलटा केला. आधी कडा, मग हँडलची आणि बिजागरीची भोकं, मग मागची बाजू आणि सगळ्यात शेवटी दर्शनी भाग. त्याला आता ५ पावसाळे झाले, कड कोरडी आहे. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. उसाचं कांडं आठवा, बाजूची साल पाणी आत घेत नाही पण कापलेल्या टोकातून रस बाहेर येतो. लाकडाचं तसंच आहे, आतमधे उभ्या बारीक नळ्या असतात आणि जिथे लाकूड आडवं कापलंय तिथे त्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. शटरची खालची आणि वरची कड म्हणजे बहुतेक वेळा हीच तोंडं. प्लायच्या कडेला तर थरांमधल्या फटीही असतात. ओट्यावरून ओघळलेलं पाणी शटरच्या पुढच्या भागावरून खाली येतं, खालच्या कडेला थेंब होऊन लटकतं, आणि तिथे पॉलिश नसेल तर तो थेंब निवांत आत जातो. रोज चार-पाच थेंब, वर्षानुवर्षं.

शटर कशाचं आहे ते आधी ओळखा

हे न बघता डबा आणू नका. सगळ्या शटरना कोट लागत नाही आणि सगळ्यांना तो चिकटतही नाही.

सनमायका म्हणजे लॅमिनेट असेल तर वरून काहीही मारायची गरज नाही, तो थर स्वतःच पाण्याला दाद देत नाही आणि त्यावर मारलेला क्लिअर कोट काही महिन्यांत सालपटासारखा निघतो. तिथे फक्त कडेची एजबँडिंगची पट्टी सुटली असेल तर ती परत चिकटवायची. मेम्ब्रेनची शटरं (वर पीव्हीसीचा पातळ कागद ताणून बसवलेली, बहुतेक कोपरे गोल असलेली) आणि अ‍ॅक्रिलिकची चकचकीत शटरं, यांच्याही नादाला लागू नका, थिनरने अ‍ॅक्रिलिक तडकतं आणि मेम्ब्रेन सुरकुतते.

कोट लागतो तो सॉलिड लाकडाला, वेनियरला आणि ऑइलपेंट मारलेल्या लाकडी किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) शटरना. वेनियर आहे का सॉलिड ते कडेवरून कळतं, पुढच्या बाजूच्या रेषा कडेवरून वळून मागे जात असतील तर सॉलिड, आणि कडेला प्लायचे थर किंवा वेगळी पट्टी दिसली तर वेनियर. हे कळणं महत्त्वाचं कारण वेनियरमधला खरा लाकडाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, जोर लावून घासलात तर खालचा प्लाय उघडा पडतो आणि तो परत झाकता येत नाही.

आता जुनं पॉलिश कुठलं आहे ते बघा. शटरच्या मागे कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावा, दोन मिनिटांत चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने विरघळलं तर लॅकर. कशालाच दाद देत नाही तर मेलामाईन किंवा पीयू. आणि पाण्याची परीक्षा तर सगळीकडे करा, बोटाने एकेक थेंब ठेवायचा, पुढे, मागे, खालच्या कडेला, हँडलपाशी, आणि पाच-दहा मिनिटांनी पुसायचा. लाकूड गडद झालं तर तिथलं पॉलिश संपलंय. माझ्याकडे पुढच्या बाजूला एकाही ठिकाणी गडद झालं नाही आणि खालच्या कडेला ११ पैकी ९ शटरवर झालं. ही परीक्षा पहिल्या वेळी केली असती तर दुसऱ्यांदा घासायची वेळ आली नसती.

दुकानात काय मागायचं

हार्डवेअरच्या दुकानात "सीलंट द्या" म्हटलं तर सिंकच्या कडेला लावायची सिलिकॉनची ट्यूब हातात येते. ती नकोय. "लाकडाला मारायचा क्लिअर पीयू" असं स्पष्ट सांगा. आणि सँडिंग सीलर नावाचा डबा दाखवला तर तो खालचा थर असतो, तो घासायला सोपा जावा म्हणून मऊ ठेवलेला असतो, नुसता सीलर मारून थांबलात तर सिंकजवळ टिकणार नाही.

पर्याय बरेच आहेत. चपड्याचं स्पिरिट पॉलिश दिसायला फार सुंदर, जुन्या वाड्यांमधली कपाटं बघा, पण गरम वाफेने ते मऊ होतं आणि पाणी साचलं की पांढरा डाग पडतो, त्यामुळे देव्हाऱ्याला चालेल, किचनला नाही. एनसी लॅकर पटापट वाळतं पण गरम तेल आणि पाणी दोन्हीपुढे कच्चं. मेलामाईन कडक होतं पण त्याचा हार्डनर आम्लाचा असतो आणि वाळताना फॉर्मलडिहाईडचा वास सुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, राहत्या घरात मी ते करणार नाही. दोन डब्यांचा पीयू, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळायचा तो, सगळ्यात टणक, पण त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. तो ज्याच्याकडे योग्य मास्क आणि स्प्रे मारायची वेगळी जागा आहे त्या पॉलिशवाल्यानेच मारावा. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी मुलं बघितली की जीव कासावीस होतो. तुम्ही बाहेरून काम करून घेत असाल तर मास्कबद्दल आवर्जून विचारा, नसेल तर तुम्ही आणून द्या.

पहिल्यांदाच करणाऱ्याने एका डब्याचा पीयू घ्यावा. तो दोन प्रकारचा येतो. तेलाचा, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणारा, त्याने सागवानाला मधासारखी झळाळी येते, पण वाळायला रात्र जाते, वास दोन-तीन दिवस राहतो आणि वर्षांनी पिवळट होतो. पाण्याचा, म्हणजे वॉटर बेस्ड, दुधासारखा पांढरा दिसतो म्हणून लोक घाबरतात, पण वाळला की काचेसारखा होतो, दोन-तीन तासांत दुसरा हात घेतो, वास कमी आणि पिवळा पडत नाही. पांढरी किंवा फिकट रंगवलेली शटरं असतील तर पाण्याचाच घ्या, तेलाचा मारलात तर पांढऱ्याचं क्रीम होईल. मी सागवान असूनही दुसऱ्या वेळी पाण्याचा घेतला, कारण घरात सासूबाई आणि लहान मूल, दोघांनाही वास सोसत नव्हता.

चकाकीचं म्हणाल तर सॅटिन घ्या. फुल ग्लॉसवर फोडणीच्या तेलाचा प्रत्येक ठसा दिसतो आणि एकदम मॅटवर चोळून पुसलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. सॅटिन आणि मॅटच्या डब्यात चमक कमी करणारी पूड तळाला बसलेली असते, ती काडीने तळापासून हळू ढवळायची, डबा हलवायचा नाही, हलवला की बुडबुडे होतात आणि ते शटरवर जातात.

किती लागेल? माझी ११ शटरं, साधारण सव्वा फूट बाय दोन फूट, म्हणजे एका बाजूचे २७-२८ चौरस फूट, दोन्ही बाजूंचे ५५, तीन हात म्हणजे १६५ चौरस फूट. एका लिटरमधे एका हाताचे साधारण १०० चौरस फूट होतात असं धरून मी २ लिटर आणला, थोडा उरला. डब्यावर आकडा लिहिलेला असतो, तो बघून घ्या.

बाकी सामान: १८०, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, दोन इंची चांगला ब्रश (पाण्याच्या पीयूला नायलॉनचा, तेलाच्याला केसांचा), छोटा फोमचा रोलर, मास्किंग टेप, भांडी घासायचं लिक्विड, जुने टूथब्रश, मिनरल टर्पेंटाइन, हातमोजे, आणि भरपूर जुनं मऊ सुती कापड. आजोबांचं धोतर घरात असेल तर त्यासारखं कापड नाही, त्याची लव सुटत नाही. स्टीलची घासणी मात्र पाण्याच्या पीयूसोबत अजिबात नको, तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि सागवानात काळे ठिपके उमटतात.

कधी करायचं

गणपतीच्या आधी घर नवं करायची आपली सवय, पण हे काम त्या दिवसांत करू नका. हवेत दमटपणा असतो, पीयू तासन्‌तास ओला राहतो, धूळ आणि चिलटं चिकटतात, आणि लॅकरसारखं पटकन उडणारं पॉलिश तर पांढरं धुरकट पडतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. शिवाय पावसात लाकूड स्वतःच पाणी पिऊन फुगलेलं असतं, ते तसंच आत बंद होतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ मुंबई-कोकण-गोव्याकडे सगळ्यात चांगला. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण, ऊन इतकं की ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं, तिथे पहाटे करा किंवा सरळ थंडीत करा.

मोजून ५ दिवस लागतात असं धरा, त्यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ कमी, वाट बघण्याचा जास्त. तेलाचा पीयू असेल तर अजून तीन-चार दिवस. आणि घरात पाहुणे, बारसं, परीक्षा असं काही नाही ना ते बघून ठेवा, कारण तेवढे दिवस किचनला शटर नसणार.

शटर काढणं

प्रत्येक शटरला नंबर द्या. पण टेपवर लिहून पुढे चिकटवला तर तो काम करताना निघतो, म्हणून मी बिजागरीच्या गोल खड्ड्यात लिहिला. आजकालच्या हिंजसाठी शटरमागे ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा असतो, तिथे पेन्सिलने नंबर लिहायचा, तो शेवटपर्यंत वाचता येतो आणि बसवल्यावर झाकला जातो. सगळ्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. स्क्रू आणि हँडल प्रत्येक शटरचे वेगळ्या डबीत, डबीवर तोच नंबर. हिंज कपाटाच्या बाजूला जी पट्टीवर बसते ती पट्टी तशीच राहू द्या, ती हलवली की परत जुळवताना नाकीनऊ येतात. ट्रॉलीच्या दर्शनी फळ्या आतून स्क्रूने असतात, ट्रॉली पूर्ण बाहेर ओढलीत की दिसतील.

वर उघडणारं हायड्रॉलिकचं शटर एकट्याने काढू नका. शटर निघालं की त्याचा हात स्प्रिंगच्या जोराने वर उसळतो, थेट तोंडावर येऊ शकतो. दुसऱ्या माणसाला धरायला सांगा.

सफाई, ज्यात खरी मेहनत आहे

माझा अर्धा वेळ इथे गेला आणि गेलाच पाहिजे. आपल्या किचनमधे रोज फोडणी होते, तेलाची वाफ वर जाते आणि शटरवर बसते, तिच्यावर धूळ, परत तेल, असा तो मेणचट चिकटा तयार होतो. गॅसच्या वरच्या शटरवर नख ओढून बघा, पिवळी गुंडाळी निघेल. यावर पीयू मारलात तर तो लाकडाला नाही, तेलाला चिकटतो.

कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड, कापड त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि पुसायचं, शटर नळाखाली धरायचं नाही. नक्षी आणि खाचा टूथब्रशने. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने दोनदा, कारण साबण राहिला तर तोही कोट सोडवतो. धुण्याचा सोडा वापरू नका. हळदीचा डाग सोड्याने लाल होतो (कुंकू पूर्वी हळदीपासून करायचे ते याच गुणावर) आणि सागवानही काळपट पडतं. हळदीचे डाग धुवून पूर्ण जात नाहीत, पण एक साधा उपाय आहे, शटर सुकलं की एक-दोन दिवस सकाळच्या उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. फार वेळ कडक उन्हात मात्र नको, वेनियर सुटेल.

हँडलच्या आजूबाजूची जागा वेगळी बघा. तिथे वर्षानुवर्षं हाताचं तेल आणि घाम लागून जुनं पॉलिश मऊ झालेलं असतं, बोटाला चिकट लागतं. तो भाग साबणाने सुधारत नाही, तो प्लास्टिकच्या पट्टीने हलके खरवडून लाकडापर्यंत साफ करावा लागतो. मी हा भाग पहिल्या वेळी तसाच ठेवला होता, नवा कोट तिथेच सगळ्यात आधी सुटला.

सुकल्यावर टर्पेंटाइनने पुसून घ्या, कापड पिवळं येतंय तोवर नवं कापड घेत राहा. कोणी फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे मारत असेल तर ही पायरी चारदा करा, सिलिकॉन राहिलं तर पीयू माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे करून मागे सरकतो. उघड्या सागवानाला तर स्वतःचंच तेल असतं, त्यामुळे तिथे कोट मारायच्या तासभर आधी थिनरच्या कापडाने एकदा पुसा, थिनर उडाला की लगेच पहिला हात.

डागडुजी

सुटलेल्या वेनियरखाली इंजेक्शनच्या सिरिंजने फेव्हिकॉल सोडायचा, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि वरवंट्यासारखं वजन, रात्रभर. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओला असतानाच पुसा, वाळलेला डाग पॉलिशखाली फिकट ठिपका होऊन कायम दिसतो. काळी पडलेली कड आतून भुसभुशीत नसेल तर घासून सुकवून वापरता येते. नख सहज आत गेलं तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. फुगलेला एमडीएफ परत बसत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

घासणं

पूर्ण पॉलिश काढायचं नाहीये (चपड्याचं किंवा सुटत चाललेलं असेल तर काढावंच लागेल), फक्त जुन्या थराची चमक मारायची म्हणजे नव्याला पकड मिळते. २२० नंबरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सपाट लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून. आडवं घासलात तर त्या रेघा कोट मारल्यावर उठून दिसतात. पहिल्यांदा करणाऱ्याला कुठे घासलं आणि कुठे राहिलं ते कळत नाही, त्यासाठी पेन्सिलने पूर्ण शटरवर हलक्या रेघोट्या ओढा आणि त्या पुसल्या गेल्या की थांबा. वेनियरच्या काठावर ठोकळा टेकवू नका, तिथे हाताने दोनच फेर.

कड मात्र १८० ने नीट उघडी करा, मग २२० ने गुळगुळीत. धारदार कोपरा किंचित मारून गोल करा, अगदी किंचित, कारण टोकदार धारेवर कोणताही द्रव थांबत नाही, मागे सरकतो, आणि तिथे कोट पातळ राहतो.

धूळ झटकू नका, पुसा. आधी कोरड्या ब्रशने, मग ओलसर कापडाने, मग अर्धा तास थांबा.

हात मारणं

आधी एका शटरच्या मागे कोपऱ्यात मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी नखाने खरवडा. निघाला तर सफाई किंवा घासणं कमी पडलंय, आणि हे ११ शटरं झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

शटर आडवं ठेवा, खाली लाकडाच्या दोन पट्ट्या आणि त्यातून वर आलेले खिळे, म्हणजे ते टोकांवर टेकतं आणि कडा मोकळ्या राहतात. पंखा बंद.

आता कडा. अगदी पहिला हात फक्त कडांना. खालच्या कडेला पीयू लावायचा, ५ मिनिटं थांबायचं, तो आत शोषला गेलेला दिसेल, परत लावायचा, असं कड प्यायची थांबेपर्यंत. माझ्या सिंकखालच्या शटरने पहिल्या बैठकीत तीनदा प्यायला. तेलाचा पीयू असेल तर हा पहिला हात टर्पेंटाइनने थोडा पातळ करा म्हणजे खोल जातो, पाण्याचा असेल तर डब्यावर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त पाणी घालू नका. मग कानकोरणीच्या कापसाने हँडलची भोकं आतून, हिंजचा गोल खड्डा, स्क्रूची भोकं. ओल्या हाताने आपण हँडल धरतो, पाणी हँडलच्या मुळाशी जातं आणि तिथून भोकात. हँडलखाली काळी गोल कडा पडलेली शटरं कितीतरी घरांत दिसतात, ती यामुळेच.

मग मागची बाजू. मागे कोण बघतंय असं वाटेल, पण एका बाजूला तीन थर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं झालं तर पावसाळ्यात मागची बाजू ओल घेते, पुढची घेत नाही, आणि शटर धनुष्यासारखं वाकतं. जितके हात पुढे तितकेच मागे.

पुढची बाजू शेवटी. चौकटीचं शटर असेल तर आधी मधला भाग, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या. सपाट असेल तर रोलरने पसरवा आणि लगेच जवळजवळ कोरड्या ब्रशने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकी एकच रेघ ओढत जा. पाण्याचा पीयू दोन मिनिटांत धरायला लागतो, राहिलेली जागा दिसली तरी परत ब्रश फिरवायचा मोह आवरा, ब्रशचे ओरखडे राहतात, ती जागा पुढच्या हाताला भरते. थर पातळच. जाड मारला की लवकर संपेल असं वाटतं पण तो वरून वाळतो, आत ओला राहतो, कडेवरून ओघळतो. बाजूने टॉर्च धरून बघा, आणि ५ मिनिटांनी कडेखालून बोट फिरवून लटकलेले थेंब ब्रशने टिपून घ्या.

दोन हातांच्या मधे ३२० ने हलकं घासायचं, शेवटच्या हाताआधी ४०० ने. वाळलंय का ते कागदच सांगतो, पांढरी कोरडी पूड निघाली तर वाळलंय, कागदाला चिकट गोळे धरले तर अजून थांबा, मग डब्यावर दोन तास लिहिलेले असले तरी थांबा. एकूण तीन हात. सिंकखालच्या आणि गॅसशेजारच्या शटरच्या खालच्या कडेला चौथा.

गॅस, वास आणि चिंध्या

थिनर, टर्पेंटाइन किंवा तेलाचा पीयू उघडा असेल तेव्हा त्या खोलीत गॅस पेटलेला नको, समई-निरांजनही नको. शक्यतो काम गॅलरीत किंवा गच्चीच्या सावलीत करा. कापडी मास्क धुळीपुरता, थिनरच्या वाफेला कार्बनचा फिल्टर असलेला मास्क लागतो.

तेलाचा पीयू किंवा जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे मी हात जोडून सांगतेय. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते, आणि कोणी काडी न लावता चिंधी पेट घेते. त्या चिंध्या एकेक उलगडून बाहेर दोरीवर वाळवा, कडक झाल्या की टाका, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून घराबाहेर ठेवा. उरलेलं थिनर मोरीत ओतू नका.

परत बसवणं आणि नंतर

पाण्याच्या पीयूला दोन दिवसांनी आणि तेलाच्याला चार दिवसांनी शटर बसवता येतं, पण हाताला कोरडं लागणं वेगळं आणि पूर्ण पिकणं वेगळं. पिकायला दोन-तीन आठवडे, तेलाच्याला महिनाभर. तोवर ओलं कापड नाही, साबण नाही, टेप नाही, शटरवर ओला नॅपकिन टाकायचा नाही. कपाटाच्या कडेला जिथे शटर टेकतं तिथे रबराची छोटी बटणं लावा, नाहीतर नवा कोट तिथेच चिकटून उचकटतो. हँडल बसवताना स्क्रू फार आवळू नका, त्याच्या बुडाखाली पारदर्शक वॉशर टाकला तर अजून चांगलं.

कुकर वरच्या शटरच्या बरोबर खाली ठेवत असाल तर तो पुढच्या शेगडीवर घ्या, शिट्टीची वाफ रोज एकाच जागी बसली तर कुठलाच कोट फार टिकत नाही. पुसायला पिळलेलं कापड आणि लिक्विडचे दोन थेंब पुरतात.

उरलेला पीयू काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या बाटलीत ओता, वर हवा राहिली की साय धरते, बाटलीवर तारीख आणि पाण्याचा का तेलाचा ते लिहा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी सिंकखालचं आणि त्याच्या शेजारचं अशी दोन शटरं उघडून खालच्या कडेला पाण्याचा थेंब ठेवते. पाच-दहा मिनिटांत गडद झालं तर ३२० चा कागद, टर्पेंटाइनचं कापड आणि कडेला एक हात, जून लागायच्या आत.